स्काउट मास्तरच्या डोक्यावर टोपी हवी, आणि ती उन्हाची हवी

प्रति,
मा. राज्य मुख्य आयुक्त,
महाराष्ट्र राज्य भारत स्काउट्स आणि गाईड्स, मुंबई

महोदय,


गणवेशातल्या टोपीवर जाहीर पत्र लिहिलेले पाहून काहींना नवल वाटेल. शिक्षकांच्या रिकाम्या जागा आहेत, घटती पटसंख्या आहे, मैदान नसलेल्या शाळा आहेत. त्यात हे टोपीचे काय मध्येच, असे विचारले जाईल. पण दहा ते सतरा वयाची मुले ज्यांच्याकडे बघून वागायला शिकतात, त्या आम्हा स्काउट मास्तरांच्या डोक्यावर काय असावे, हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. नियमांच्या पुस्तकात त्याचे उत्तर एक आहे आणि मैदानावर जिल्ह्याजिल्ह्यात वेगळे आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत पथक चालवतो. इथे जे दिसते ते आपल्यापर्यंत पोचावे, म्हणून हे लिहितो आहे.

मागणी थोडक्यात आधीच सांगतो. ज्या कार्यक्रमात मुलांना टोपी सक्तीची आहे, त्या कार्यक्रमात आम्हा मोठ्यांनाही ती सक्तीची असावी. आम्हाला सूट असेल तर मुलांनाही असावी. आणि उघड्यावरच्या कामासाठी सध्याच्या बेरेट कॅपऐवजी रुंद काठाची सुती टोपी घालण्याची परवानगी मुलांना आणि मोठ्यांना, दोघांनाही मिळावी. या दोन गोष्टी मी एकत्रच मागतो आहे. नुसती सक्ती आली तर आमचे शिक्षक बंधू ती मनापासून पाळणार नाहीत, आणि नुसती परवानगी मिळाली तर मुलांसमोर आज जे घडते तेच चालू राहील.

आज काय घडते? जिल्हा मेळाव्यातली गणवेश तपासणी डोळ्यांसमोर आणा. सकाळचे साडेदहा वाजलेत, मैदानावर पथके रांगेत उभी आहेत. तपासणारे अधिकारी एकेका मुलासमोर थांबतात. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर आला आहे का, कपाळावरची पट्टी आडवी सरळ आहे का, टोपीचा झोल उजवीकडे नीट ओढला आहे का, मागची नाडी आत खोचली आहे का, हे सगळे बघितले जाते. नाडी लोंबत असेल तर गुण जातो. टोपीच नसेल तर संपूर्ण संघाचे गुण जातात, आणि टोपी विसरलेला मुलगा दिवसभर आपल्या संघनायकाची नजर चुकवत फिरतो. त्याच वेळी मैदानाच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत, आम्ही शिक्षक उभे असतो. निम्म्यांच्या टोप्या दुमडून खांद्याच्या पट्टीखाली अडकवलेल्या, काहींच्या पिशवीत, काहींच्या घरी. व्यासपीठावरच्या पाहुण्यांची गोष्ट तर वेगळीच. स्कार्फ गळ्यात घातला की त्यांचा गणवेश पूर्ण झाला असे आपण मानतो.

मुलांना हे दिसत नाही, अशी कुणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. गेल्या हिवाळ्यात तपासणी आटोपल्यावर आठवीतल्या एका संघनायकाने मला विचारले, ‘सर, तुमचे गुण कोण कापतं?’ आवाजात उर्मटपणा अजिबात नव्हता. मोठ्यांची तपासणी करणारा कुणी असतो का, हे त्याला खरोखर जाणून घ्यायचे होते. असतो, असे मला त्याला सांगता आले नाही, कारण तसा कुणी नसतो.

आता आमच्या सहकाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. ते टोपी काढतात त्यामागे आळस नाही. ती टोपी आमच्या हवेत डोक्यावर ठेवणे कठीण आहे. गडद निळा रंग, जाड कापड आणि काठ कुठेच नाही. ऊन सगळे शोषून घ्यायचे आणि डोळ्यांवर, कानांवर, मानेवर सावली मात्र बोटभरही पडू द्यायची नाही, अशी तिची रचना. अस्सल लोकरीची बेरेट कोमट पाण्यात भिजवून डोक्यावर ओढून वाळवली की आकार धरते. तालुक्याच्या दुकानात मिळते ती कृत्रिम धाग्याची. ती फुगून बसते, घाम टिपत नाही आणि तिचा रंग जातो. मेळाव्याच्या दुपारी जेवणाच्या पंगतीत मुलांच्या कपाळांकडे बघा. भुवयांच्या वर एक निळसर पट्टा उमटलेला असतो, घामाबरोबर तो नाकापर्यंत उतरतो, आणि मुले तो स्कार्फने पुसतात म्हणून स्कार्फच्या टोकालाही निळे डाग पडतात. संध्याकाळी शेकोटीच्या आधी हौदावर तोंड धुताना सगळ्यात जास्त वेळ त्या पट्ट्यालाच लागतो.

मोठ्यांची अडचण यात आणखी एक आहे. आमच्यापैकी पुष्कळ जण पन्नाशीच्या पुढचे आहेत. केस विरळ झालेले, कुणाला रक्तदाब, कुणाला मधुमेह. त्यांनी उन्हात चार तास उभे राहायचे आणि डोक्यावर असली गडद, जाड टोपी घ्यायची, हे त्यांच्या प्रकृतीला झेपणारे नाही. विदर्भात शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात, हे आपल्याला ठाऊक आहे. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाच्या ध्वजारोहणाला आमच्याकडे सकाळी आठलाच ऊन टोचायला लागते, आणि त्या ध्वजारोहणाला मानवंदनेसाठी स्काउट पथकाला आवर्जून बोलावणे असते.

उन्हाला किरकोळ समजण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्यावर बसलेल्यांपैकी १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. ती सगळी आपल्यासारखीच माणसे होती, श्रद्धेने आणि शिस्तीने जागेवर बसून राहिलेली. आपली मुलेही शिस्तीने उभी राहतात. म्हणून त्यांच्या डोक्यावरची जबाबदारी आपली जास्त आहे.

मूळ स्काउट टोपी कशी होती ते या निमित्ताने आठवणे योग्य होईल. स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन पॉवेल यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या उघड्या माळावर काम करताना रुंद, सपाट काठाची स्टेट्सन हॅट वापरली. बोअर युद्धाच्या काळात त्यांनी उभारलेल्या दक्षिण आफ्रिकन कॉन्स्टॅब्युलरीच्या शिपायांच्या डोक्यावरही तीच होती. १९०७ साली ब्राउन्सी बेटावर पहिले शिबिर झाले, १९०८ मध्ये त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ आले, आणि तीच हॅट स्काउटची ओळख बनून जगभर गेली. तिचा काठ चारही बाजूंनी सावली द्यायचा, पावसाचे पाणी मानेत जाऊ द्यायचा नाही, चूल पेटवताना वारा घालायला उपयोगी पडायचा. गणवेशातल्या प्रत्येक वस्तूला काम असले पाहिजे, हाच विचार त्यामागे होता. स्कार्फ सोडला की हाताची झोळी होते. लाठीवर खुणा केल्या की खोली मोजता येते, दोन लाठ्यांत सदरे अडकवले की स्ट्रेचर होते. शिट्टीने पथक गोळा होते. प्रथम सोपानाच्या मुलालाही आपण हे शिकवतो. मग त्याने आपल्या डोक्यावरच्या टोपीकडे बोट दाखवून हिचे काम काय, असे विचारले तर द्यायला आपल्याकडे उत्तर असावे.

बेरेटचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला आहे. फ्रान्स आणि स्पेनच्या सीमेवरच्या डोंगराळ मुलखातली ती मेंढपाळांची टोपी. १९२४ मध्ये ब्रिटिश रणगाडा दलाने ती घेतली, कारण रणगाड्याच्या पोटात काठाची टोपी अडते आणि काळ्या कापडावर तेलाचे डाग दिसत नाहीत. तिथून ती जगभरच्या लष्करांत पसरली. ब्रिटनच्या स्काउट संघटनेने १९६६ च्या आपल्या सुधारणा अहवालानंतर जुनी हॅट सोडून बेरेट स्वीकारली, आणि पुढे तीही सोडली. आज तिथल्या सर्वसाधारण स्काउटच्या गणवेशात टोपी उरलेली नाही. अमेरिकेत जुनी काठाची हॅट पथकांतले मोठे लोक अजून अभिमानाने घालतात आणि पथकाने कोणती टोपी घालायची ते पथकात ठरवता येते. ज्यांच्याकडून आपण हे सगळे घेतले त्यांनी आपापल्या हवेप्रमाणे आणि गरजेप्रमाणे बदल केले. लंडनच्या ढगाळ हवेत टोपी नसली तरी काही बिघडत नाही. आमच्या आर्णीच्या किंवा पांढरकवड्याच्या माळावर बिघडते. म्हणून ब्रिटनसारखे टोपीच काढून टाकू या, हे काही सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य नाही.

आपल्याकडेही डोक्यावर काय असावे याचा स्वतंत्र विचार झालेला आहे, आणि तो फार जुना आहे. सुरुवातीला भारतीय मुलांना स्काउट पथकांची दारे बंद होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासमध्ये भारतीय मुलांसाठी वेगळी स्काउट संघटना काढली, तेव्हा त्या मुलांच्या डोक्यावर हॅट नव्हती, भारतीय फेटा होता. पंडित मदन मोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची पथके उभी केली तीही याच स्वाभिमानातून. ७ नोव्हेंबर १९५० ला या सगळ्या धारा एकत्र येऊन भारत स्काउट्स अस्तित्वात आली आणि पुढच्या वर्षी गाईड्स त्यात सामील झाल्या. आजच्या नियमातही शीख स्काउटला बेरेटऐवजी पगडीची मोकळीक आहे. नांदेडमध्ये हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एका गणवेशात दोन प्रकारची शिरस्त्राणे असू शकतात आणि त्याने एकोपा बिघडत नाही, हे आपण मान्य केलेलेच आहे.

काही ज्येष्ठ मंडळी फेट्याचा आग्रह धरतात. जांबोरीच्या, म्हणजे स्काउटांच्या महामेळाव्याच्या, सांस्कृतिक कार्यक्रमात आपली मुले फेटे बांधून उभी राहिली की माझाही ऊर भरून येतो. पण तंबूचे खुंट ठोकताना, पाण्याच्या बादल्या वाहताना फेटा टिकत नाही. गांधी टोपी सुचवणारेही आहेत. तिचा मान मोठा आहे, ती स्वस्त आहे, गावात शिवता येते. पण सावली तिलाही नाही. शिवाय आजच्या काळात कोणत्या रंगाची टोपी कोणत्या पक्षाची, हा वाद पथकात शिरायला वेळ लागणार नाही.

आता मोठ्यांचीच टोपी का महत्त्वाची, याचे मला सगळ्यात मोठे वाटणारे कारण सांगतो. नेत्याला शोधता आले पाहिजे. वारीच्या वाटेवर, यात्रेत, मतदान केंद्राबाहेर वृद्धांना आधार देताना, आपली मुले गर्दीत विखुरलेली असतात. बारा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून गर्दीत काय दिसते? पाठी, पिशव्या, कोपरे. खांद्यावरची पट्टी, छातीवरचा बिल्ला, गळ्यातला स्कार्फ हे सगळे माणसांआड झाकलेले असते. दिसतात ती फक्त डोकी. त्यात आपल्या सरांचे डोके ओळखू यायचे तर त्यावर ओळखता येणारी टोपी हवी. गर्दीत हरवलेल्या आजीलाही मदतीसाठी कुणाकडे जावे ते लांबून कळले पाहिजे. काठाची टोपी दुरून, पाठमोरी, कुठल्याही बाजूने ओळखू येते. बेरेट मागून बघितली तर होमगार्ड, एनसीसी की स्काउट, हे कळत नाही. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. मुख्य स्नाने भर पावसाळ्यात येतात. तिथे सेवेला जाणाऱ्या पथकांच्या डोक्यावर पाऊस आणि ऊन दोन्ही असणार, आणि आजूबाजूला माणसांचा समुद्र. त्याआधी हा निर्णय व्हायला हवा.

एनसीसीचे नाव निघाले म्हणून सांगतो. पुष्कळ शाळांत एनसीसी, रस्ता सुरक्षेची आरएसपी आणि स्काउट एकाच मैदानावर असतात. बेरेट कॅपमुळे रुबाब येतो, ती काढली तर आपली मुले एनसीसीपुढे फिकी पडतील, ही भीती मी मुख्याध्यापकांकडून ऐकली आहे. ती मी हसण्यावारी नेत नाही. मुलाला आपल्या गणवेशाचा अभिमान वाटला पाहिजे. म्हणून संचलनाला, राज्य पुरस्काराच्या समारंभाला, राज्यपालांच्या कार्यक्रमाला बेरेट राहू द्यावी. पण आपले काम रानातले, ओढ्याकाठचे, गावातले आहे. सैनिकी तुकडीची नक्कल करून आपली शान वाढत नाही. ज्या दिवशी हाताशी होकायंत्र आणि दोर असतो, त्या दिवशी डोक्यावर काठाची टोपी असणे हाच स्काउटचा रुबाब होता आणि तो परत मिळवता येईल.

खर्चाचा हिशेबही याच बाजूने जातो. बेरेट गावात तयार होत नाही. ती बाहेरून येते, मापे दोन-तीनच असतात, आणि लहान मुलाच्या डोळ्यांवर उतरते तीच मोठ्याच्या डोक्यावर चढत नाही. काठाची सुती टोपी कुठलाही शिंपी शिवू शकतो. सहा तुकड्यांचा माथा, दुहेरी कापडाचा काठ, त्यावर चारपाच फेऱ्यांची शिलाई म्हणजे काठ ताठ राहतो. हवा खेळायला दोन्ही कानांवर दोन-दोन भोके आणि वाऱ्यात उडू नये म्हणून हनुवटीखाली नाडी. घाण झाली की धुता येते, रंग पक्का घेतला की कपाळ निळे होत नाही. बचत गटाला काम मिळेल. ‘खरी कमाई’ उपक्रमात मुलांनी स्वतः शिवून एकमेकांसाठी टोप्या केल्या तर स्काउटच्या आठव्या नियमातला काटकसरी स्काउट म्हणजे काय, हे त्यांना हाताने कळेल. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या खोलीत दोन शिलाई यंत्रे आहेत. बहुतेक जुन्या शाळांत निदान एक तरी सापडेल.

गाईड विभागाबद्दल मी मुद्दाम काही सुचवत नाही. साडी किंवा ओढणी, वेणी किंवा अंबाडा आणि त्यावर टोपी, यात काय सोयीचे ते गाईड कॅप्टन भगिनींनी स्वतः सांगावे. त्यांच्या वतीने पुरुषांनी ठरवण्याचा प्रकार पुष्कळ झाला आहे. त्यांना स्वतंत्रपणे विचारावे एवढीच विनंती.

नियम राष्ट्रीय मुख्यालयाचे आहेत आणि राज्याला ते परस्पर बदलता येत नाहीत, याची मला कल्पना आहे. पण राज्य शाखेने शिफारस करण्यावर कुठलेही बंधन नाही. महाराष्ट्रातून लेखी शिफारस दिल्लीला गेली तर तिथे ती वाचली जाईल, आणि राजस्थान, तेलंगण, ओडिशा इथले आयुक्तही सोबत येतील असे मला वाटते, कारण ऊन त्यांच्याकडेही कमी नाही. तोपर्यंत राज्याच्या अधिकारात असलेली गोष्ट लगेच करता येईल: शिबिर, सहल, सेवा आणि उघड्यावरच्या प्रशिक्षणात काठाची टोपी घातलेल्या मुलाचे गुण कापू नयेत, असे एक मराठी परिपत्रक. त्याच परिपत्रकात दुसरा परिच्छेद असावा की गणवेश तपासणी सुरू होण्यापूर्वी उपस्थित सर्व स्काउट मास्तर, प्रशिक्षक आणि आयुक्त यांची तपासणी मुलांसमोर होईल आणि ती संघनायक करतील. हे वाचून काहींच्या भुवया उंचावतील. पण तपासणाऱ्या मुलाचे डोळे फार प्रामाणिक असतात, आणि त्याने डाव्या हाताने हस्तांदोलन करून ‘सर, टोपी ठीक आहे’ असे म्हटले तर कुठल्याही मोठ्या माणसाला कमीपणा यायचे कारण नाही.

मुख्य आयुक्त म्हणून आपणही मेळाव्याला येता. आपल्या डोक्यावर टोपी दिसली की जिल्हा आयुक्तांच्या पिशवीतली बाहेर येईल, त्यांची बघून आमची, आणि मग परिपत्रकाची गरजही थोडी कमी होईल.

आमच्या तालुक्यातल्या एका शिंप्याकडून मी तीन मापांच्या नमुना टोप्या शिवून घेत आहे. निळ्या सुती कापडाच्या, पुढे आपल्या बिल्ल्यासाठी जागा ठेवलेल्या. या पत्राच्या प्रतीसोबत त्या आपल्या शिवाजी पार्कच्या कार्यालयात पाठवतो. सोबत कागदावर कापलेला नमुनाही ठेवतो, म्हणजे इतर जिल्ह्यांना तो देता येईल. त्या उन्हात घालून बघाव्यात, धुऊन बघाव्यात, काठ अरुंद वाटला तर कळवावे. आपली संमती दिवाळीच्या सुट्टीआधी मिळाली तर हिवाळ्यातल्या जिल्हा मेळाव्यात आमचे पथक, त्याच्या शिक्षकासह, याच टोप्या घालून तपासणीला उभे राहील.

आपला विश्वासू,
एक स्काउट मास्तर
यवतमाळ जिल्हा